वन्संनी चादर तशीच टाकली

आमच्या वन्संनी आयुष्यभर दुसऱ्यांचे बिछाने घातले. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात त्या खोल्या आवरायच्या. पाहुणे पसारा टाकून निघून जायचे, आणि त्यांच्यामागे वन्सं ती खोली अशी करायच्या की तिथे कधी कोणी राहिलंच नसावं. त्या पलंगांच्या कडेवर मात्र एकदाही टेकल्या नाहीत. नियमच होता तसा.

मागच्या महिन्यात निवृत्त झाल्या तेव्हा मी विचारलं, "वन्सं, आता काय मनात आहे?"

"एकदा पाहुणी म्हणून हॉटेलात राहायचंय, वहिनी. आणि निघताना बिछाना तसाच टाकून यायचंय."

हे पेपराआडून म्हणाले, "तुला? जमायचं नाही. दवाखान्यात होतीस तेव्हा शेजारच्या पेशंटची उशी सारखी करत होतीस तू."

"वाकडी होती, दादा!"

मी त्याच संध्याकाळी देवापुढे बसून सांगितलं, हिची एवढी हौस पुरी कर. आणि देवावर सगळंच टाकू नये म्हणून ह्यांच्यामागे लकडा लावला. शेवटी शनिवारी गाडीत बसलो. शेतांच्या मधोमध दुमजली हॉटेल, मागे तळं. मी आणि वन्सं तळ्याकडच्या खोलीत, हे शेजारच्या खोलीत एकटे. ह्यांच्या घोरण्यामुळे तशीच सोय करावी लागते.

खोलीत शिरल्यावर वन्सं दारातच थबकल्या. "वहिनी, हे सगळं आपल्यासाठी?" मग पलंगावर बसल्या, आधी कडेला, मग सरकून मधोमध. झोपल्या त्या लहान मुलीसारख्या.

सकाळी मी उशीला टेकून जप केला, माळ उशीखाली सरकवली आणि अंघोळीला गेले. अर्ध्या तासाने बाहेर येऊन पाहते तो काय! चादर ताणून कोपरे आत खोचलेले, पेले पुसून उपडे, बॅगा कपाटात, चपलासुद्धा आत. माझ्यामागे न्हाणीघरात शिरून त्यांनी फरशीही कोरडी केली.

"अहो वन्सं, हे काय केलंत?"

त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. "कधी केलं, मलाच कळलं नाही हो."

माझी माळ त्या घट्ट ताणलेल्या बिछान्यात अडकली ती अडकलीच. परत मोडायचा तर जिवावर आलं. काउंटरवर कोणीच नव्हतं, म्हणून किल्ली तिथेच ठेवली आणि आम्ही तिघं शेताच्या वाटेने फिरायला गेलो.

परतलो तर काउंटरवर नवीनच माणूस. तळ्याकडच्या खोलीची किल्ली मागितली तर म्हणाला, "ती खोली आत्ताच दिली दुसऱ्यांना. कालची पार्टी आलीच नाही ना."

"आलीच नाही? मग आम्ही कोण, भुतं?" हे कडाडले.

मॅनेजर धावत आला. रात्री आम्हाला किल्ली देणारा माणूस त्या खोलीची नोंद न करताच सकाळी घरी गेला होता, आणि खोल्या आवरणाऱ्या बाईंनी दार उघडून पाहिलं तर खोली कोरी करकरीत. त्यांनी खाली सांगितलं, इथे कोणी उतरलेलंच नाही. ह्यांच्या खोलीबद्दल मात्र तशी शंका कुणालाच आली नव्हती. तिथली उशी न्हाणीघराच्या दारात पडली होती.

इतक्यात जिन्यावरून नव्या पार्टीतल्या बाई उतरल्या. हातात माझी माळ! "अहो, ही उशीखाली सापडली. कोणाची तरी विसरली वाटतं."

देवा, तुझी कमाल आहे, मी मनातल्या मनात म्हटलं.

मॅनेजर वरमला. माफी मागितली, पण म्हणाला, "ती मंडळी आता आत गेलीत. तुम्हाला मागची खोली देतो. भांडारघराशेजारची आहे, पण स्वच्छ आहे." मग आवरणाऱ्या बाईंकडे वळला, "आणि तुम्ही! डोळे कुठे असतात तुमचे?"

वन्संची मान आपोआप खाली गेली होती. "चालेल साहेब" त्यांच्या ओठांवर आलंच होतं. मी ओळखते ना त्यांना. पण त्या बाईंना बोललेलं ऐकलं आणि मान वर झाली.

"त्यांना एक अक्षर बोलायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "त्यांनी खोली बरोबर पाहिली. चुकले मी. मी पाहुणी आहे हेच विसरले." आणि तिथल्या मोठ्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "आता आठवलंय. मला माझी तळ्याकडचीच खोली पाहिजे."

मॅनेजरने ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? पाहुणी ती आहे."

नव्या बाई हसून म्हणाल्या, "आम्ही बॅगही उघडलेली नाही हो. आम्हाला ती मागची द्या." झालं! वन्सं जिना चढल्या त्या अशा की राणीने चढावं.

चहा घेताना ह्यांना पुन्हा चेव आला. "पण बिछाना आवरलासच की नाही! उद्या तसाच टाकून निघालीस, तर महिनाभर घरातले सगळे बिछाने मी घालीन."

"वहिनी, ऐकलंत ना? साक्षीला राहा."

आज सकाळी निघायची वेळ झाली. बॅगा भरल्या. चादर अर्धी जमिनीवर, उशी आडवी, पलंगावर ओला टॉवेल. तो टॉवेल तर वन्संनी मुद्दाम टाकलेला. हे दारात हाताची घडी घालून उभे.

वन्सं दारापर्यंत गेल्या, थांबल्या, मागे वळल्या. चादरीचं टोक उचलायला हात पुढे झाला. मी श्वास रोखला. देवाला म्हटलं, आता एवढं सांभाळ.

त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरला. अक्षरशः धरला, द्वाड पोराचा धरावा तसा. बाहेर आल्या आणि दार लावून घेतलं.

बाहेर कालच्या त्याच खोल्या आवरणाऱ्या बाई उभ्या होत्या. वन्सं म्हणाल्या, "ताई, आज जरा पसारा आहे हं."

त्या हसल्या. "असू द्या. आज कळेल तरी कोणी राहिलं होतं ते."

गाडीत वन्सं सगळ्या वाटेभर गुणगुणत होत्या. आत्ता मी हे लिहीत बसले आहे आणि आतल्या खोलीत हे चादरीशी झटताहेत. कोपरा काही आत जाईना. मघाशी हाक मारून झाली, "अगं, जरा दाखव की!"

वन्सं माझ्यासमोर खुर्चीत पाय पसरून बसल्या आहेत. जागच्या हललेल्या नाहीत.