मोलकरणीची नऊ वाक्यं

आज सकाळी सिंगापूरमधल्या बिशानमध्ये आमच्या मराठी ग्रुपने ज्येष्ठांसाठी एक जुना कृष्णधवल हॉलिवूड प्रेमपट दाखवला. मराठी सबटायटल्स माझी होती.

मध्यंतरात लेले काकूंनी मला गाठलं. त्या इथेच वुडलँड्सला आपल्या मुलाकडे आल्या आहेत. ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त सबटायटल्सवर.

"ती काळी मोलकरीण कोट देताना नायिकेशी काहीतरी बोलली. खाली काहीच आलं नाही."

"फार महत्त्वाचं नव्हतं, काकू."

"ते मला ठरवू दे की. काय म्हणाली?"

मी सांगितलं, "बाईसाहेब, त्यांची वाट बघू नका. ते येणार नाहीत."

"म्हणजे तिला सगळं आधीच कळलं होतं. आणि तू तिलाच गप्प केलंस होय गं?"

वाचायला वेळ पुरावा म्हणून सबटायटल्समध्ये आम्ही किरकोळ वाक्यं गाळतो. किरकोळ कोण, हे मात्र मी सवयीने ठरवलं होतं. त्या चित्रपटाने तिला नावही दिलेलं नाही. उरलेलं काम मी केलं.

दुपारी घरी येऊन तिची नऊच्या नऊ वाक्यं परत घातली. नायकाचं प्रेमाचं भाषण थोडं आखडतं घ्यावं लागलं, पण त्याने त्याचं काही बिघडत नाही. पुढच्या शनिवारी काकूंसाठी आम्ही हाच चित्रपट पुन्हा लावतोय.

तुमच्या आवडत्या जुन्या प्रेमपटात नायिकेला कोट कोण देत होतं? ती काय म्हणाली, आठवतंय?