सटाण्याचा धूमकेतू आणि एकोणतीस सेंटिमीटर

परवा एका वाचकाने विचारलं, "नाशिकहून एका दिवसात गाठता येईल अशी अंधारी जागा सांगा ना, तारे बघायला." सांगते की! पण ती जागा सांगायची म्हणजे सत्याण्णवच्या एप्रिलमधली ट्रिप सांगावी लागणार, आणि ती मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही.

तेव्हा आम्ही नाशिकरोडला राहायचो. सासरे, म्हणजे बाबा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून रिटायर झालेले. मागच्या गॅलरीत त्यांचं टेबल होतं: शिकंजा, कानशी, छोटं ड्रिल मशीन. माझ्या कॅमेऱ्याला त्यांनी काय काय करून दिलं होतं! पाइपाच्या तुकड्याचा लेन्स हूड, स्कूटरच्या आरशाच्या गोळ्यावर वळणारा स्टँड. विकत घ्यायचं म्हटलं की त्यांना राग यायचा. "ह्यात आहे काय एवढं? मी करतो," हे ठरलेलं.

मग काचबिंदू झाला. "पाइपातून बघितल्यासारखं दिसतं गं," म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. त्या जानेवारीत ड्रिल बोटात घुसलं, चार टाके पडले. माझा नवरा संजय म्हणाला, "बाबा, आता बास. टेबल विकून टाकू."

बाबा दोन दिवस टेबलाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सागवानाच्या दोन फळ्या घेऊन बसले. धूमकेतू येणार म्हणून पेपरात रोज छापून येत होतं, आणि त्याचा फोटो मला काढायचाच होता. आता कॅमेरा काही मिनिटं उघडा ठेवला तर पृथ्वी फिरते म्हणून ताऱ्यांच्या रेघा येतात. ते टाळायला बाबांनी दोन्ही फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडल्या आणि दुसऱ्या बाजूला पाव इंची बोल्ट बसवला. बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवला की वरची फळी हळूहळू उचलली जाते, आणि तिच्यावरचा कॅमेरा ताऱ्यांच्या चालीने वळतो. सगळी मेख एकाच भोकात. ते बिजागरीपासून बरोबर एकोणतीस सेंटिमीटरवर पाहिजे. बाबांनी पोलादी पट्टीच्या खाचा नखाने मोजून ते पाडलं.

"फोटोत तारे ठिपके आले तर टेबल राहील," ते संजयला म्हणाले. "रेघा आल्या तर भोक चुकलं. मग मीच विकतो."

"बघू," संजय म्हणाला.

"आणि बोल्ट स्मिता फिरवेल. तुला दम नाही."

मी कसली फुगले म्हणून सांगू!

बाबा आणि मी, दोघांनीच सीबीएस स्टँडवरून सकाळची सटाणा गाडी घेतली. तिकीट तेव्हा तीसेक रुपये असेल. कंडक्टर फळ्या बघून म्हणाला, "काय हाय हे? पाळणा हाय का?" बाबा हसले नाहीत. फळ्या मांडीवर आडव्या धरून बसले, आख्ख्या प्रवासात खाली ठेवल्या नाहीत. पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचे टेम्पो आणि कांद्याचे ट्रॅक्टर यांत गाडी अर्धा तास अडकली. मी खिडकीतून भजी घेतली. बाबा म्हणाले, "बागा रिकाम्या झाल्या का गं?" गाडी हमरस्त्याच्या ऐन गर्दीत उभी होती, बाग कुठेच दिसत नव्हती. मी नुसतंच "हो" म्हटलं.

देवळ्यानंतर रस्ता खराब. कंबरेचं दुखणं असेल त्यांनी मागच्या सीटवर बसू नये. सटाण्याहून पुढे काळी-पिवळी जीप मिळते, भरल्याशिवाय ती हलत नाही. बाबांचे जुने सोबती सुकदेवआबा ताहाराबादच्या अलीकडे मळ्यात राहायचे. कांदा काढणी चालू होती, आवारभर कांद्याचे ढीग. आबांच्या बायकोने फळ्या उलटसुलट केल्या आणि मला अहिराणीत विचारलं, "इतलं लांब तारा देखाले उनात? नाशिकले तारा नही शेत का?"

"आहेत हो. पण दिवे फार."

"आठे लाइटच नही शे," म्हणून ती हसली. लोडशेडिंगचा असाही उपयोग. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा होता, त्याची चव अजून विसरले नाही.

पहिल्या संध्याकाळी धुळीने आभाळ माखलेलं. काही दिसलं नाही. बाबा ओसरीत फळ्यांना तेल देत बसले. दुसऱ्या दिवशी जोराचा वारा सुटला आणि आभाळ धुतल्यासारखं झालं. उजेड होता तोवर मी आबांच्या बैलजोडीचा एक फोटो काढला. ही टीप लिहून घ्या: रोलचा पहिला फोटो साधा, दिवसाचा काढा. नाहीतर लॅबवाल्याला कोऱ्या दिसणाऱ्या निगेटिव्हवर फ्रेम कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि तो तारे मधोमध कापतो.

अंधार पडायला लागला तसं आम्ही बांधावर गेलो. बिजागरीची रेघ ध्रुवाकडे लावायची असते. त्यासाठी बाबांनी फळीच्या कडेला बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली होती. तिच्यातून बघून मी ध्रुव धरला. बोल्टच्या टोकाला डबीचं झाकण होतं, त्यावर खिळ्याने पाडलेल्या चार खुणा. दर पंधरा सेकंदांनी एक खूण पुढे. बाबा गजराचं घड्याळ कानाला लावून टिकटिक मोजणार आणि "फिरव" म्हणणार.

पहिला फोटो चालू असताना समोरून ट्रॅक्टर आला, दिवे थेट लेन्सवर. गेला फुकट. धूमकेतू डोंगराकडे उतरायला लागला होता. आता एकच फोटो, दहा मिनिटांचा.

"फिरव," बाबा म्हणाले. मी फिरवलं. "फिरव." फिरवलं. मान खालीच होती. पाचेक मिनिटांनी मानेला रग लागली म्हणून मी वर बघितलं.

अहो, काय सांगू! आतापर्यंत मी त्याला कॅमेऱ्याच्या छिद्रातूनच बघत होते. उघड्या डोळ्यांनी बघितला तर पांढरा फटफटीत, आणि त्याची शेपटी अशी पसरलेली की बोटांनी मोजावी. मी बघतच राहिले. बाबा "फिरव" म्हणत होते, मी "हो" म्हणत होते. हात झाकणावर होता आणि हलत नव्हता. तीनदा की चारदा, देव जाणे. भानावर आले आणि घाईघाईने आख्खा एक फेरा फिरवून टाकला. बाबा मोजतच होते, त्यांना काही कळलं नाही.

फोटो झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठे आहे गं तो?" मी त्यांचं बोट धरून त्या दिशेला केलं. त्यांनी बराच वेळ तिकडे तोंड करून ठेवलं. मग म्हणाले, "राहू दे. फोटोत बघू, मोठा करून." तोवर तो डोंगराआड गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो.

आठवड्याने संजय मोठी प्रिंट घेऊन आला. धूमकेतू आला होता, सुंदर आला होता. आणि प्रत्येक ताऱ्याला मुंगीएवढी रेघ. बाबांनी प्रिंट नाकाला लागेल इतकी जवळ धरली, भिंगही लावलं. मग खाली ठेवून म्हणाले, "सांगा. ठिपके का रेघा?"

"रेघा आहेत, बाबा," संजय म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हेही सांगायला हवं.

बाबा माझ्याकडे वळले. "स्मिता, फिरवण्यात खंड पडला होता का? आठवून सांग."

संजय समोर उभा होता. मला निवडलं होतं ना त्यांनी! मी म्हटलं, "नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, बाबा."

"मग माझंच भोक चुकलं," ते म्हणाले आणि उठले. रविवारी ड्रिल, शिकंजा, टेबल सगळं जेल रोडच्या एका मेकॅनिकने नेलं. बाबांनी स्वतः एकेका वस्तूवर हात ठेवून ती काय आहे ते त्याला सांगितलं.

तर जागा ही अशी. एप्रिलमध्ये जा, अमावस्या बघून जा, पाणी जवळ ठेवा. आकाश तिकडे अजून चांगलं आहे म्हणतात. मी पुन्हा गेले नाही. तो धूमकेतू मी पोटभर पाहिला, आणि बाबांचं टेबल देऊन पाहिला. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. दुपारी मोकळ्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, दोन्ही हात मांडीवर. चार वाजता मी चहा न्यायचे, कप त्यांच्या हातात द्यायचे आणि आत यायचे.