जनाकाकींची नेवाळी

रोपकट्ट्याच्या ग्रुपवर त्या सकाळी दोन फोटो आले होते. एकात कुणाकडे जास्त झालेला गवती चहा, दुसऱ्यात पुदिना. त्यांच्याखाली जनाकाकींच्या सुनेचा, सुरेखाचा मेसेज होता, आई आज गेल्या. मी तो वाचला, आणि पुदिना मला ठेवा, असं लिहून पाठवलं... दीड महिना झाला, तसं का लिहिलं ते अजून सांगता येत नाही.

तळवली गावात देवळामागच्या ओट्यावर आम्ही एक रविवार आड जमतो. रोप आणायचं, रोप न्यायचं, एवढंच. हा कट्टा काकींनी सुरू केला. नवी मुंबई वसवताना त्यांचं शेत गेलं, घराच्या जागी चार मजली इमारत झाली, भाडेकरू आले आणि काकींची शेती गच्चीवर आली. मी सानपाड्याहून जायचे, बाल्कनीतल्या सहा कुंड्यांच्या जोरावर. पहिल्याच दिवशी माझी तुळस हातात घेऊन, हिला ही कुंडी लहान होते, असं त्यांनी सांगितलं आणि स्वतःच्या पिशवीतून मोठी कुंडी काढून दिली. तिथून आमची मैत्री.

काकी सढळ हाताने द्यायच्या. अळू, अबोली, मिरचीचं बी, काहीही. फक्त नेवाळी नाही. त्यांच्या सासूने शेताच्या बांधावरून आणलेला तो वेल. बांध गेला, शेत गेलं, एवढाच उरला होता. पांढरी फुलं ओंजळीने वाटायच्या, पण लावायला काडी मागितली की विषय बदलायच्या. एकदा त्या चहा आणायला खाली गेल्या असताना मी एक काडी मोडली आणि ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. ती जगली. त्यानंतर दोन वर्षं मी काकींना घरी बोलवायचं टाळलं.

गेल्या मे महिन्यात त्या उलव्याला लेकीकडे राहायला गेल्या. इकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला माणसं आली, त्यांनी कुंड्या उन्हाच्या कोपऱ्यात लोटल्या. सुरेखाला वाटलं, ती माणसं पाणी घालतायत. त्यांना वाटलं, ती घालतेय. काकी परतल्या तेव्हा वेलाची काटकी झाली होती. सुनेला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या रविवारी ओट्यावरून उठताना म्हणाल्या, "कुनाला दिली असती, तं आज मागता आली असती."

दुसऱ्या दिवशी मी माझी कुंडी रिक्षात घालून त्यांच्या दारात नेली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"काकी, ही तुमचीच आहे. मी न विचारता काडी नेली होती."

त्यांनी एक पान चुरगळून वास घेतला. मला वाटलं, आता दार लावतील. मग त्यांनी सुरेखाकडून कात्री मागून घेतली, वेलाची एक काडी कापली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ती चोरीची व्हती गो. ही मी दिली हाय."

पावसात त्यांनी आणखी काड्या लावल्या आणि कट्ट्यावर प्रत्येकाला एकेक दिली. लेकीसाठी एक उलव्यालाही गेली.

काकी गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही. तेराव्यालाही नाही. जेवले, पानं उचलायला मदत केली, घरी आले.

मागच्या आठवड्यात सुरेखाने बोलावलं. कुठल्या कुंडीला किती पाणी लागतं, ते तिला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी गच्चीवर गेलो. मी पाइप धरून एकेक कुंडी दाखवत गेले, पण मन कुठेच नव्हतं, कुंडी भरली तरी हात हलेना. पाणी गच्चीवरून वाहत पन्हळीतून खाली सुटलं. एवढ्यात खालून शेजारच्या म्हातारीचा आवाज आला.

"जना, पुरे कर गो, माजे पापड भिजतान."

मग तिचं तिलाच आठवलं असावं, खालून पापड गोळा केल्याची खुडबुड ऐकू आली. पाइप माझ्या हातात तसाच वाहत राहिला... सुरेखाने जाऊन नळ बंद केला.