बहिणीचा फिंजान

आखातातल्या उम्म अल कुवैनला आमच्या शेजारच्या अंगणात रोज दुपारी एक फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा पेलाभर, कॉफी फुकट जायची. मी कोकणस्थ बाई, मला ते बघवेना. शेजारीण म्हणजे ऐंशी पार केलेली उंच, काळी आजी. तिथल्या जुन्या माणसांसारखं हिंदी बोलायची. चोचीच्या किटलीतून आधी मला कॉफी, मग शाळेत शिकवून आलेल्या नातीला, आणि शेवटी आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेपुढे एक भरलेला फिंजान. कोण यायचंय, असं मी विचारलंच. बहीण, ती म्हणाली.

दोघींना लहानपणी आफ्रिकेहून गलबतातून आणलं होतं, गावातल्या मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे गुलाम म्हणून. पुढे बहिणीला दुसऱ्या बंदरात विकलं. पाहुण्यांना कॉफी देऊन आजी आत आली तोवर बहिणीला नेलेलं होतं. तेव्हापासून तो फिंजान. ऐकून मला भरदुपारी शहारा आला. पुढे ती रिकामी जागा ओलांडून जायची माझी हिंमत होईना.

मोत्यांचा धंदा बुडाला, गुलामांना पोसणं परवडेना, माणसं मोकळी झाली. पण जायचं कुठे? त्यांनी गावाच्या टोकाला विहीर खणली, झावळ्यांची घरं उभारली, मशीद बांधली. आजी सुईण झाली. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं, मालकांची नातवंडंसुद्धा. तरी त्या घरी लग्न निघालं की तिला न्यायला गाडी यायची, कॉफी ओतायला. आणि ही मुकाट जायची. नातीचा जळफळाट व्हायचा, माझाही.

त्या वर्षी पुन्हा लग्न निघालं आणि नातीने हट्टच धरला. आजी जाईल तर पाहुणी म्हणून, नाहीतर नाही. मलाही बरोबर घेतलं. गाडीत ती आजीला म्हणाली, "आज तू बसायचंस. खलास."

बायकांच्या मांडवात आजी बसली खरी, पण तिचे हात मांडीवर स्वस्थ राहीनात. मध्ये थोडी जागा सोडून त्या घरची थोरली बाई बसली होती, आजीच्याच वयाची, लहानपणी दोघी बहिणींबरोबर खेळलेली. बोलता बोलता, सवयीने, तिने रिकामा फिंजान आजीपुढे धरला. गप्पा थांबल्या. नातीने आजीची ओढणी घट्ट पकडली.

आजी उठली. तिने किटली घेतली, एक वेगळा फिंजान भरला, आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढे ठेवला आणि पुन्हा खाली बसली.

बाईचा हात तसाच पुढे राहिला होता. तिने हळू आवाजात अरबीत काहीतरी विचारलं, आजीने उत्तर दिलं. नातीने माझ्या कानाशी हिंदीत सांगितलं.

"ती अजून येते?"

"तुझ्याकडे येत नाही?"

बाईने हातातला रिकामा फिंजान खाली ठेवला. मग तिने आपला झगा आवरला, थोडी सरकली आणि त्या फिंजानाशेजारी बहिणीला जागा करून दिली.