गेट बंद

काका रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. चलानाशिवाय त्यांनी कधी खिळाही आत घेतला नाही. निवृत्त झाल्यावर हाच नियम त्यांनी स्वतःच्या तोंडाला लावला. काकू गोळी पुढे करायच्या, काका विचारायचे, "कागद?"

मी मानसोपचार नर्सिंग शिकवते. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरचं त्यांचं घर आमच्या गृहभेटीच्या यादीत आहे. काका लिथियम घेतात. गोळ्या चुकल्या की त्यांची झोप जाते आणि ते घरातली भांडी गावात वाटत सुटतात. मागच्या खेपेला शेजाऱ्याचीही वाटली. मग महिनाभर दवाखाना. काकूंनी मला बजावलं होतं, "म्याडम, परत तितं धाडू नका. हात जोडत व्हते हो सुटताना."

म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीने, कारखान्यात आत येणाऱ्या मालाचं असतं तसं, इनवर्ड रजिस्टर आखलं: गोळीचं नाव, ताकद, नग, सही. काका नोंद तपासून सही करायचे, गोळी गिळायचे, आ करून जीभ उचलायचे. काकू टॉर्चने दोन्ही गालांत बघायच्या आणि म्हणायच्या, "गेट बंद." कुठल्याच पाठ्यपुस्तकात ही पद्धत नाही, पण त्यानंतर एक गोळी चुकली नाही, तेव्हा मी ती वर्गात शिकवू लागले.

एका मंगळवारी आम्ही पोहोचलो तर दारात रिक्षा उभी. त्यांचा मुलगा त्यांची दवाखान्याची बॅग भरत होता. काका ओसरीवर तोंडावर तळहात दाबून बसलेले.

"सकाळपासनं असंच हाय," काकू म्हणाल्या. "'माल परत' एवढंच बोलले नि गेट बंद केलं. च्यासुदीक आत जात नाय."

मी वही काढली. झोप, हातांची थरथर, चाल, बोलणं. बोलण्यापुढे लिहिलं: 'असंबद्ध'. औषधापुढे: 'नकार'. मुलाला म्हटलं, "डॉक्टरांना फोन लावते."

काकांनी डोळे वटारले आणि मोकळ्या हाताने रजिस्टरवर टकटक केली. मी पान उलटलं. सह्या नीट होत्या. ते पुन्हा टकटक करू लागले.

"मॅम," विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "आपण पाकीट बघितलंच नाही."

पाकीट काल कर्जतहून आणलेलं. रजिस्टरमध्ये तीनशे मिलिग्रॅमची गोळी, पाकिटावर चारशे. दिवसाला तीन गेल्या असत्या तर लिथियम जास्त होऊन आठवडाभरात काकांना जुलाब लागले असते, तोल गेला असता, आणि आम्हीच त्यांना त्याच रिक्षात घातलं असतं. 'आधी पाकीट, मग पेशंट' हे माझ्या वर्गाच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

"काका, माल चुकीचा आलाय," मी म्हटलं.

तळहात खाली आला. "मग मी काय बोंबलतोय सकाळपासनं?"

"तोंड दाबून बोंबलता व्हय?" काकू म्हणाल्या.

"माल रिजेक्ट झाल्यावर गेट उघडं ठेवत्यात का गं?"

डॉक्टरांना फोन मी केलाच, पण मात्रा पक्की करायला. मुलगा त्याच रिक्षाने पाकीट बदलायला गेला. काकांनी त्याच्याजवळ माल नाकारल्याची चिठ्ठी दिली, दोन प्रतींत. एकीवर दुकानदाराची सही आणायची होती.

मी 'असंबद्ध' आणि 'नकार' खोडले. काकांनी वही स्वतःकडे ओढली.

"खाडाखोडीला बाजूला सही लागते, म्याडम."

मी दोन्हीकडे सही केली. मग ते काकूंना म्हणाले, "च्या आण. त्याला चलान लागत नाय."