ढेपेच्या दुकानातली गिऱ्हाइकं

चांदूर बाजारात आमचं ढेप-चुनीचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान आहे. सरकीची ढेप, तुरीची चुनी, मक्याचा भरडा, कोंबड्यांचं खाद्य, असं सगळं. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे मिस्टर चालवतो. किराणा दुकानात माणूस येतो, साखर घेतो आणि जातो. आमच्याकडे तसं होत नाही. "एक पोतं द्या" म्हणायच्या आधी गिऱ्हाईक गाय कशी आहे ते सांगतं, मग वासरू, मग घरचं. दिवस संपला की पोती कमी झालेली असतात आणि गोष्टी वाढलेल्या!

*

सुधाकरभाऊ भाजीपाला पिकवतात. फुलकोबीचा पाला बांधावर सडायचा, आणि गाईसाठी मात्र आमच्याकडून ढेप. मिस्टर म्हणाले, पाला थोडा सुकवून गाईला घाला, ढेप कमी लागेल. आमचंच गिऱ्हाईक आम्हीच कमी केलं म्हणा! पण गाय खूश, सुधाकरभाऊ खूश. मग हुरूप आला आणि एका सकाळी त्यांनी लसणाचा पालाही घातला.

नेमके त्याच दिवशी त्यांच्या मुलीला पाहायला बार्शीटाकळीचे पाहुणे आले. चहा आला. पहिला घोट घेतल्यावर पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मुलाच्या आईनं विचारलं, "चहात काय टाकता जी तुमी?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "काही नाही जी. गाईनं लसणाचा पाला खाल्ला, म्हणून दुधाले वास आहे."

मुलाच्या वडिलांनी विचारलं, पाला दूध काढायच्या आधी घातला की नंतर. ती म्हणाली, आधी. "नंतर घालत जा," ते म्हणाले आणि कप रिकामा केला.

लग्न त्याच बैठकीत ठरलं. पंगतीत बासुंदी होती. मी मात्र आधी वास घेतला.

*

आमच्या गल्लीतल्या कविताच्या गावरानी कोंबड्या पातळ कवचाची अंडी देत होत्या. अंडं हातात घेतलं की फुटायचं. मिस्टरांनी सांगितलं, घरातली अंड्यांची टरफलं फेकू नको, कोंबड्यांनाच घाल.

थोड्या दिवसांनी ती आली. आता अंडीच दिसत नव्हती. मुंगूस येत असेल म्हणून दुपारी दबा धरून बसली. तर कोंबडी अंडं देऊन उठली, मागे वळली आणि तिनं ते स्वतःच फोडून खाऊन टाकलं.

मिस्टरांनी विचारलं, टरफलं कशी घालत होतीस? ती म्हणाली, आमलेट झालं की तशीच टाकत होते. टरफलं भाजून, बारीक पूड करून खाद्यात मिसळायची असतात, हे सांगायचं आमच्याकडून राहिलं होतं.

कविता म्हणाली, "म्हणजे तिले कळू द्याचं नाही, का हे तिचंच आहे."

मिस्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

*

दोन भाऊ आहेत, शेताला शेत लागून. सोयाबीन निघालं की मोठा भाऊ कुटार गोळा करून झाकून ठेवतो. धाकट्यानं मळणीनंतर उरलेला तो सगळा भुसा पेटवून दिला. कोण भरत बसते, म्हणाला. दोघांचं तेव्हा बोलणं बंद होतं.

उन्हाळ्यात धाकट्याच्या बैलांची हाडं दिसायला लागली. एका सकाळी तो शेतात गेला, तर दोन्ही शेतांमधल्या धुऱ्याच्या अलीकडे, त्याच्या बाजूला कुटाराचा ढीग पडलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

हे सांगताना तो काउंटरकडे बघत होता. "दादानं दोन शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं," म्हणाला.

*

देवरावमामांची गाय गाभण होती, आटली होती. दूध नाही तर ढेप कशाला, म्हणून त्यांनी ती बंद केली. पोटातल्या वासरासाठी तेव्हाच चांगलं खाणं लागतं, असं त्यांच्या बायकोनं, कमलमावशींनी सांगून पाहिलं. मामांनी ऐकलं नाही. मावशी भांडल्या नाहीत.

त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या दुपारी मावशींनी तिच्या ताटात नुसती भाकर आणि चटणी वाढली. वरण-तूप काहून नाही, मामा म्हणाले.

"ते कुठं काम करून राहिली?" मावशी म्हणाल्या. "बसूनच तं आहे."

मुलगीही खाली मान घालून भाकर मोडत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. मामा अर्ध्या जेवणावरून उठले आणि भर उन्हात आमच्या दुकानात आले.

*

नामदेवरावांच्या पत्नी गिरजाबाई वारल्या. म्हशीचं सगळं त्याच पाहायच्या. तेरवीनंतर नामदेवराव दुकानात आले. म्हैस ढेपेला तोंड लावत नव्हती. मिस्टरांनी ढेप बदलून दिली. मग मीठ टाकून झालं, गूळ टाकून झाला. डॉक्टर येऊन गेले, आजार काही नव्हता. म्हैस खंगत चालली, पान्हवेना. शेवटी तिला विकायचं एका व्यापाऱ्याशी बोलणं सुरू झालं.

तेवढ्यात त्यांची मुलगी अकोल्याहून आली. तिनं विचारलं, तुम्ही टोपलं ठेवून निघून जाता का? नामदेवराव म्हणाले, मग काय करायचं? ती म्हणाली, आई तर म्हशीचं खाणं होईपर्यंत तिथंच बसून तिच्याशी बोलायची.

"काय बोले?"

"तुमच्या चुगल्या करे."

नामदेवराव मुळात कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या सकाळी टोपलं ठेवून गोठ्यातल्या दगडावर बसले. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हशीला सांगितलं, की आज वरण करपलं. मग चुलीचं सांगितलं, मग रिकाम्या घराचं. म्हैस बराच वेळ नुसती पाहत होती. मग तिनं टोपल्यात तोंड घातलं.

व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. पुढच्या खेपेला पोतं न्यायला आले तेव्हा मी विचारलं, खाते का आता?

"खाते," ते म्हणाले. पोतं मोटारसायकलवर बांधलं, दोर ओढून पाहिला. मग म्हणाले, "मी रोज इचारतो तिले, वहिनी. म्हणतो, गिरजा काय सांगे माह्याबद्दल? नुसती खात राह्यते."