देवाचा कोंबडा

आमच्या चाळीत उघडपणे देवाच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती लोकांच्या शेंगा खायची. तो आमचा कोंबडा. त्याला देवाच्या नावावर मी केलं होतं, वयाच्या नवव्या वर्षी, आणि तेही देवाला न विचारता.

साताऱ्यातली ती सात खोल्यांची बैठी चाळ. सहा घरं हिंदूंची, सातवं आमचं ख्रिस्ती. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. आई रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा घ्यायची आणि उरलेले सहा दिवस आमची. कोंबडा मूळचा सांगलीकडचा. माझी मावशी माधवनगरला राहायची, तिचे यजमान तिथल्या कापडगिरणीत होते. सुट्टीत मावशीनं मला पिल्लू दिलं आणि ते पाटीत घालून, वर आईचं जुनं पातळ झाकून, आम्ही एस.टी.नं साताऱ्याला आणलं. कंडक्टरनं विचारलं, "पाटीत काय हाय?" वडील खोटं बोलत नसत, म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हणाले, "औषधं." कऱ्हाड यायच्या आत औषध ओरडायला लागलं. कंडक्टर म्हणाला, "लय ताजं औषध दिसतंय," आणि पुढं गेला. सांगायचा मुद्दा, या कोंबड्याच्या बाबतीत माझं खोटं बोलणं पहिल्या दिवसापासूनच सुरू झालं होतं.

वर्षभरात त्याला लालभडक तुरा आला आणि त्याच्या दुप्पट मिजास. माझ्या मांडीवर बसून तो भाकरी खायचा, दप्तराला टोचायचा, शाळेतून आले की फाटकापर्यंत धावत यायचा. इतक्या आनंदानं माझ्याकडे दुसरं कुणी धावत येत नसे. मला तो फार आवडायचा, हे इथं सरळच सांगते.

ज्या जूनमध्ये आणीबाणी लागली त्याच महिन्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आला, की रविवारी उपासना झाली की ते आमच्याकडे जेवायला येतील. आमच्या लोकांत पाळकसाहेब जेवायला येणार म्हटलं की काय शिजणार हे विचारावं लागत नाही. शनिवारी दुपारी आई पाट्यावर खोबरं आणि लवंगा वाटत बसली. मधेच तिनं वरवंटा थांबवून दाराबाहेर कोंबड्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली.

"आई, त्याला कापता यायचं नाही," मी म्हणाले. "मी तो देवाला दिलाय."

"कधी?"

"काल. प्रार्थनेत."

"आणि देव काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

आईनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. पण तिची पंचाईत झाली होती. एकदा देवाला दिलेलं माघारी घ्यायचं नसतं, हे मागच्याच रविवारी तिनंच आम्हा मुलांना शिकवलं होतं, आणि वर तीनदा म्हणूनही घेतलं होतं. तिनं वरवंटा पुन्हा फिरवला आणि मला बटाटे आणायला पिटाळलं.

कोंबडीच्या मसाल्यातला बटाट्याचा रस्सा पाळकसाहेब चवीनं जेवले, म्हणजे तसं दाखवलं तरी. कारण कळल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "लेकरू असावं तर असं" असं म्हणाले. तेवढ्यात कोंबडा उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. पाळकसाहेबांचा हात माझ्या डोक्यावर आणि डोळे त्याच्या तंगड्यांवर होते. "कापणीच्या सणाला घेऊन ये त्याला," ते म्हणाले, "सगळ्यांसमोर देवाला वाहू." कापणीच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक जण धान्य, भोपळा, नारळ, कोंबडी असं काहीतरी देवापुढे आणून ठेवतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लिलावातली कोंबडी कुठल्याही घरी गेली तरी जाते पातेल्यातच. म्हणजे कोंबड्याला जामीन मिळाला होता, सुटका नव्हती. सण नोव्हेंबरात होता.

शेजारच्या खोलीत पलटणीतले एक रिटायर हवालदार आणि त्यांची बायको राहायची. काकू मूळच्या ऊसवाल्या गावच्या. कोंबडा देवाला दिलाय हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सोडलाय व्हय?" त्यांच्या गावात देवाला सोडलेला वळू होता. तो कुणाच्याही उसात तोंड घालायचा आणि त्याला कुणी काठी लावत नसे. त्याच न्यायानं काकूंनी चाळभर सांगितलं, "त्यो येसूबाबाचा कोंबडा हाय. त्याला हाड म्हनू नगासा."

झालं. त्या दिवसापासून कोंबड्याचं राज्य सुरू झालं. वाळत घातलेल्या शेंगांवर तो चढला तर बाया हात जोडून "बाबा, जरा कडंनं खा" म्हणायच्या. काकू रोज सकाळी आपल्या भाकरीतला पहिला तुकडा त्याच्यापुढे टाकून नमस्कार करायच्या. देशात तेव्हा भल्याभल्यांची तोंडं बंद होती. आमचा कोंबडा मात्र पहाटे चारपासून खुशाल आरवायचा आणि त्याला बोलायची कुणाची टाप नव्हती. एकटे हवालदारकाका तेवढे त्याचे वैरी. ते रोज पहाटे खाकी अर्धी चड्डी घालून अंगणात लेफ्ट-राइट करायचे, आणि कोंबडा मागून त्यांच्या पोटऱ्या धरायचा. "आवं, ह्याला आवरा," ते वडिलांना म्हणायचे. "देवाचा हाय म्हनून सोडतो, न्हाईतर कवाच कोर्टमार्शल केलं असतं."

हे सगळं बघून मलाही एक युक्ती सुचली. आपण सगळे देवाचे आहोत, हे शब्बाथशाळेत आई दर रविवारी सांगायची. मग एकदा गुळाच्या डब्यात हात सापडल्यावर मी म्हणाले, "मी पण देवाची आहे." आई म्हणाली, "म्हणूनच तुला दोन जास्त," आणि लाटणं उचललं. देवाचं असण्याचा फायदा कोंबड्याला मिळत होता आणि मला मिळत नव्हता, याचा मला खरोखर राग आला.

पण आतून मला भीतीही होती. शब्बाथशाळेत एका नवराबायकोची गोष्ट झाली. त्यांनी देवाला सगळं दिलं असं खोटं सांगितलं, थोडं स्वतःकडे दाबून ठेवलं आणि दोघं जागच्या जागी मरून पडली. ती गोष्ट सांगताना आई माझ्याकडेच बघत होती असं मला वाटलं. आठवडाभर मी वडिलांनी शिकवल्याप्रमाणे मनगट धरून नाडी बघत होते. चालू होती. मी कोंबड्याला आणखी घट्ट धरून बसायला लागले.

दसरा झाला आणि साताऱ्यात कोंबड्यांची मर आली. सकाळी धडधाकट दिसणारी कोंबडी संध्याकाळी मान टाकायची. खुराडीच्या खुराडी रिकामी झाली. आमचा तेवढा वाचला, कारण मी त्याला महिनाभर घराबाहेर सोडलंच नाही. काकूंना मात्र दुसरंच कारण दिसलं. त्या म्हणाल्या, "बघा, देवाचा हाय त्यो."

दिवाळीनंतरच्या थंडीत हवालदारकाकांना न्यूमोनिया झाला. वडील सकाळ-संध्याकाळ जाऊन इंजेक्शन द्यायचे. ताप उतरला, पण माणूस उठेना. दोन लढाया बघितलेला तो गडी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि पेजेचा घोटसुद्धा नको म्हणायचा. डॉक्टरांनी सांगितलं, कोंबडीचं पातळ सूप द्या, अंगात काही गेलं नाही तर अवघड आहे. वडिलांनी घरी येऊन हे आईला सांगितलं. बाजारात मरीमुळे कोंबडी मिळत नव्हती, आणि मिळाली तरी घ्यायला भीती. सांगता सांगता वडील कोंबड्याकडे बघत होते. आईही बघत होती. मग दोघांनी नजर काढून घेतली आणि आई म्हणाली, "देवाचा आहे, आपण काय बोलणार?"

मी तेव्हा गप्प राहिले. दोन दिवस गप्प राहिले. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा तेव्हा मी मोठ्यानं पाढे म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या दाराशी आल्या. घरात एवढं दुखणं असूनही त्यांनी भाकरीचा पहिला तुकडा आणला होता. त्या कोंबड्यापुढे उकिडव्या बसल्या, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "येसूबाबा, तुमच्या कोंबड्याला म्या कवा उपाशी ठिवला न्हाई. आता माझ्या धन्याकडं जरा बगा."

कोंबड्यानं तुकडा खाल्ला आणि चोच पुसली. मी दाराआड उभी होते. माझ्या खोट्यापुढे एक बाई नवऱ्याचा जीव मागत होती. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही फार वेळा वाटलेली नाही.

मी चुलीपाशी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "हे मला कशाला सांगतेस? माझी बटाट्यावर बोळवण झाली तेव्हाच मला कळलं होतं. काकूंना जाऊन सांग."

"तू चल ना."

"खोटं बोलायला मी होते का बरोबर?"

काकू खोलीत सुपात तांदूळ निवडत होत्या. मी उंबऱ्यावर उभी राहून म्हणाले, "काकू, कोंबडा देवाचा नाही."

"मग कुनाचा?"

"माझा. आई कापणार होती म्हणून मी तसं सांगितलं. त्याचं सूप काकांना द्या."

काकूंचा हात सुपातच थांबला. त्या म्हणाल्या, "म्हंजी पाच म्हैनं म्या तुझ्या कोंबड्याच्या पाया पडले?"

मी मान हलवली. मला वाटलं आता हातातलं सूप डोक्यात बसणार. पण काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडतायत की हसतायत हे मला कळेना. मला वाटतं दोन्ही. मग त्यांनी मला जवळ ओढलं. "पोरी, देवाचा असता तर म्या हात लावला नसता. तुझा हाय म्हनतीस तर घीन."

म्हणजे कोंबडा द्यायचा तर आधी तो माझा आहे हे कबूल करावं लागत होतं. बातमी दुपारपर्यंत चाळभर झाली. शेंगावाल्या बाईंनी त्याच दुपारी कोंबड्यामागे केरसुणी घेतली. त्याच्या आयुष्यातली ती पहिली केरसुणी. तो धावत माझ्याकडे आला आणि मांडीवर चढला. मी त्याला भाकरी दिली, गूळसुद्धा दिला, आणि खूप रडले.

कापायचं कुणी, हा प्रश्न उरला होता. चाळीत कुणाचंही कोंबडं कापायचं तर हवालदारकाकांना बोलवायची पद्धत, आणि तेच अंथरुणावर. शेवटी वडील उठले. रोज शंभर लोकांना सुया टोचणारे वडील सुरी हातात घेऊन आधी प्रार्थनेला उभे राहिले, आणि ती प्रार्थना इतकी लांबली की आईनंच मधे "आमेन" म्हणून टाकलं. मी घरात उशीत तोंड खुपसून पडले होते. संध्याकाळी मिरी-लसणाचा वास आला तेव्हा तो चांगला वाटला, हेही आता कबूल करते. मी मात्र एक घोटसुद्धा घेतला नाही.

वाटी घेऊन काकूंबरोबर मीच गेले. हवालदारकाकांनी डोळे किलकिले करून विचारलं, "कशाचं हाय?" काकूंनी सगळी कहाणी सांगितली. काका तोंड उघडत म्हणाले, "मला ठाव व्हतं. देवाचा असता तर माझ्याच पोटऱ्या कशाला धरल्या असत्या?" दोन चमचे गेले, मग तिसरा. अर्धी वाटी संपली.

आता माझे केस पिकले. चर्चच्या मंडळीत कुणी उभं राहून "माझं सगळं देवाचं आहे" असं मोठ्यानं म्हणालं की मला आधी त्याचं खुराडं बघावंसं वाटतं. देवाचं असणं म्हणजे कुठंही हिंडायचं, काहीही खायचं आणि केरसुणी चुकवायची, असं मला तेव्हा वाटायचं. शेजाऱ्याला गरज पडली की आपणच हाताशी असावं लागतं, हे शिकायला मला कोंबडा गमवावा लागला. मधल्या काळात मी आणखीही बरंच काही देवाच्या नावावर लपवलं, ते मला आणि आईच्या लाटण्याला माहीत.

पुढच्याच रविवारी कापणीचा सण होता. चर्च भोपळे, कणसं, नारळ यांनी भरून गेलं होतं. माझे हात रिकामे होते. रांगेत माझी पाळी आली तेव्हा पाळकसाहेबांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग पायांशी पाहिलं, मग माझ्यामागे.

"देवाचा कोंबडा कुठाय?"

"खाल्ला."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. हा कोंबडा त्यांच्या हातून दुसऱ्यांदा जात होता.

"कुणी?"

"शेजारच्या हवालदारकाकांनी. ते आजारी होते. आणि तो देवाचा नव्हताच, साहेब. माझा होता. मी खोटं बोलले होते."

 आई पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"आता कसे आहेत ते?"

"काल उठून बसले. काकूंवर ओरडले."

"मग देवाला पोचला म्हणायचा," असं म्हणून पाळकसाहेबांनी माझ्यामागच्या बाईंच्या हातातला भोपळा घेतला.